रेडिओच्या मापाची शाळा

माझी ताई नवे कपडे शिवत नाही. लोकांनी दुकानातून आणलेले तयार कपडे ती लोकांच्या अंगाला नीट करून देते. बाही कमी कर, कंबर आत घे, चेन बदल, पँट खालून दुमड. राहत्या घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. दाराजवळ शिलाई मशीन, भिंतीला उभा आरसा, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल आणि सुट्टीच्या दिवशी त्या टेबलामागे मी. धाकटा भाऊ हे पद बिनपगारी असतं, हे मला फार लहानपणी कळलं.

तिची एक खोड आहे. गिऱ्हाईक आरशासमोर ताठ उभं राहून "झकास झालंय की" म्हणालं, की ती तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणते, "आता खुर्चीत बसा." मग, "वाका." मग, "फळीवरचा डबा काढताय असा हात वर करा." तिचं म्हणणं, आरशासमोर उभ्या माणसाला काहीही शोभतं. कपडा कळतो तो माणूस हलल्यावर. एका लठ्ठ वकीलसाहेबांना तिने इतकी उठबस करायला लावली की जाताना ते आपण कुठल्या गुन्ह्यासाठी आलो होतो हे विचारतील असं मला वाटलं.

ताईला दोन मुलं. थोरलीला घरात कुणी नावाने हाक मारत नाही, ती 'रेडिओ'. सकाळी डोळे उघडले की सुरू, आणि बंद करायचं बटण कंपनीने दिलेलंच नाही. धाकटा 'भोवरा'. त्याच्याबद्दल वेगळं सांगायला नको. रेडिओ शाळेत जायला लागली आणि काही महिन्यांनी तिच्या वर्गाच्या बाईंनी ताईला मुद्दाम बोलावून कौतुक केलं.

"मुलगी फार गुणी आहे हो तुमची. वर्गात अजून एक शब्द बोललेली नाही."

दुसरी कुणी आई हे ऐकून हवेत तरंगत घरी आली असती. ताई आली ती रेडिओला आणि तिच्या दप्तराला घेऊनच. दप्तर मशीनवर आपटून म्हणाली, "शाळा बास. मी घरी शिकवणार. दोघांनाही."

ताईच्या सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. राहतात वरच्या मजल्यावर, पण लक्ष खालच्या मजल्यावर. त्या लगेच खाली आल्या.

"मुलगी शांत बसते म्हणून शाळेतून काढणारी तू पहिलीच."

"आई, ती शांत बसत नाही. ती बंद पडलीय."

"लाजतात मुलं. होईल सवय."

"सवय होईल, तीच तर भीती आहे."

"मग आता काय, शाळा उसवून पुन्हा शिवणार का?"

"वेळ आली तर तेही करीन."

भावजी लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेरून धीर देऊन सुखरूप काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. घरात मात्र आई आणि बायको या दोन मजल्यांच्या मध्ये ते स्वतःच अडकून असतात. त्यांनी तोड काढली. घरी शिकवायचं तर रीतसर अभ्यासक्रम निवडायचा, वर्षअखेर प्रमाणपत्र देणारा. शाळेचं नवं सत्र सुरू व्हायच्या आत. नाही जमलं तर दोन्ही पोरं शाळेत. सासूबाई "मान्य" म्हणाल्या. ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. भावजींनी तेही मान्यच धरलं.

मग घरात अभ्यासक्रमांची रांग लागली. पहिला मोबाईलवरचा. पडद्यावरच्या बाई गोड हसून विचारायच्या, "कळलं ना?" आणि जरा थांबून म्हणायच्या, "शाब्बास." रेडिओने पहिल्या दिवशी जीव तोडून उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नाही कळलं."

"शाब्बास," बाई म्हणाल्या.

"आई, यांना ऐकू येत नाही," असं निदान करून रेडिओने मोबाईल पालथा घातला.

दुसरा अभ्यासक्रम दोन निवृत्त शिक्षिका चालवत. आठवड्याला एक पातळ पुस्तिका. त्यात काय काय करून बघता येईल ते लिहिलेलं, क्रम तुमचा तुम्ही ठरवा. भोवऱ्याला ती फार पटली, कारण 'एका जागी बसा' असं तिच्यात कुठेच नव्हतं. पण प्रमाणपत्रही नव्हतं. सासूबाईंनी पुस्तिका दोन बोटांत धरली आणि झुरळ ठेवावं तशी ठेवून दिली.

तिसरी आली पेटी. चकचकीत, रंगीत कार्डांची. सोबत वेळापत्रक, छोटी घंटा आणि प्रमाणपत्राची हमी. सासूबाईंनी घंटा वाजवून पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर गेलेली नोकरी परत आली.

प्रत्येक कार्डावर वर चित्र, खाली प्रश्न. चित्र दाखवलं की रेडिओ सुरू. "या आजोबांची छत्री बायकांची आहे, म्हणून ते खांबामागे लपलेत. आजी रागावणारेत आता." पण ताईने खालचा प्रश्न वाचला, 'चित्रात किती छत्र्या आहेत?', की आवाज गुल. हात मांडीवर, नजर जमिनीवर. शाळेतली गुणी मुलगी हजर.

ताईने हे काही दिवस बघितलं आणि मग तिला जे येतं ते केलं. मोठी कात्री काढली आणि कार्डं आडवी कापायला घेतली. चित्रं एकीकडे, प्रश्न बटणांच्या डब्यात.

"ताई, ही पेटी नुसती बघायला आणलीय ना? परत द्यायची आहे."

कात्री थांबली. हे खरोखर तिच्या डोक्यातून गेलं होतं. तिच्या हातात आलेली वस्तू कापायलाच आलेली असते, ही तिच्या धंद्याची समजूत.

"आधी सांगायचंस," ती म्हणाली. "आता उरलेलीही कापते. अर्धवट अल्टर केलेलं कोण घेणार?"

कापलेल्या पेटीवर रेडिओ दिवसभर बोलली. चित्रांच्या गोष्टी संपल्यावर आपणहून बटणांच्या डब्यात हात घालून चिठ्ठी काढायची आणि ओरडायची, "आई, हा छत्र्यांचा प्रश्न कुठल्या चित्राचा?" शोधायची, मोजायची, आजोबांची छत्री मोजणीत धरायची की नाही यावर भोवऱ्याशी भांडायची.

रविवारी पेटीवाल्यांचा सल्लागार आला. तरुण, सभ्य, टाय लावलेला. भावजी आणि सासूबाई समोर बसले होते. त्याने झाकण उघडलं आणि आत बघत राहिला.

"हे... काय झालं?"

"अल्टर केलं," ताई म्हणाली.

"मॅडम, कार्ड जसं आहे तसंच वापरायचं असतं. क्रम बदलला तर आम्हाला मूल्यमापन करता येत नाही. मग प्रमाणपत्र कसं देणार?" माणूस वाईट नव्हता. "मी नवी पेटी आणलीय. ही आम्ही बदलून देऊ. फक्त यापुढे कात्री लावू नका."

त्याने कोरं करकरीत कार्ड काढलं. समुद्र, होड्या. "बाळ, सांग बघू, चित्रात किती होड्या आहेत?"

रेडिओचे हात मांडीवर गेले. नजर जमिनीवर.

भावजींनी हे आजवर नुसतं ऐकलं होतं. शाळेच्या वेळात ते कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर असायचे.

"रेडिओ?" ते म्हणाले. "हिला काय झालं?"

"काही नाही हो," सल्लागार म्हणाला. "शांत आहे. गुणी आहे."

ताईने त्याच्या हातातलं कार्ड काढून घेतलं, पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

"ही अशी बसायची शाळेत?" भावजींनी विचारलं.

"रोज."

भावजी लेकीसमोर उकिडवे बसले. "लिफ्टमध्ये अडकलेली माणसं अशी बसतात," ते म्हणाले. "ओरडून दमल्यावर." आणि सल्लागाराला, "दोन्ही पेट्या घेऊन जा."

"आणि प्रमाणपत्र?" सासूबाईंनी ताईला विचारलं. "सगळ्यांसमोर मान्य केलं होतंस तू."

"टाचण्या होत्या तोंडात, आई. मी काही मान्य केलं नव्हतं. मी पुस्तिका घेणार. पुढे परीक्षा द्यायची वेळ आली की देतील परीक्षा."

"आणि नापास झाली तर?"

"तर बोलत बोलत होईल."

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "गणित मी घेणार. तुझ्यावर माझा भरवसा नाही."

"घ्या. पण ती मधे बोलणार."

"माझ्या वर्गात कुणी मधे बोलत नाही."

"म्हणूनच वर्ग इथे भरेल, आई. माझ्या मशीनशेजारी."

सल्लागार पेट्या उचलून उठला. त्याची पँट टाचेखाली येत होती. आल्यापासून ताई तिकडे बघत होती, मला माहीत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "आरशासमोर या."

"नको, ठीक आहे मॅडम. मापाचीच घेतलीय."

"हो का? खुर्चीत बसा बघू."

तो बसला. ताई टाचण्या तोंडात धरून त्याच्या पायाशी बसली, आणि इतका वेळ भिंतीला टेकलेली रेडिओ त्याच्या गुडघ्यापाशी येऊन उभी राहिली.

"काका, त्यातली एक होडी बुडत होती. ती मोजायची की नाही, ते तुम्ही सांगितलंच नाही."

सल्लागाराने आमच्याकडे पाहिलं.

"सांगा ना. मोजायची की नाही?"

"वाका," टाचण्यांमधून ताई त्याला म्हणाली.