जुळ्या बहिणींचे डोळे

माझ्या धाकट्या बहिणीला, मीरानला, जुळ्या मुली झाल्या. थोरली दासोम, धाकटी राओन. दक्षिण कोरियातल्या आमच्या तोंगयोंग बंदरात माझं केस कापायचं छोटं दुकान आहे. दोघींचं जावळही मीच काढलं आणि पुढेही त्यांचे केस मीच कापत आले. दोघींना शेजारी शेजारी बसवलं, की आरशातल्या धरून चार मुली दिसायच्या आणि चौघी एकसारख्या. बारीक, लांबट डोळे, वरच्या पापणीला घडी नाही. आमच्या घराण्यात सगळ्यांचे असेच.

राओनला सारखं असणं फार आवडे. तिला कुणी “ए दासोम” म्हटलं, तरी ती खुशाल ओ द्यायची. दासोमला मात्र कुणी राओन म्हटलं, की ती वळूनही बघत नसे. ते माझ्या लक्षात यायचं, पण लहान मुलांचं काय एवढं मनावर घ्यायचं, असं मला वाटे.

विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षा संपल्या, की वर्गातल्या निम्म्या मुली सुट्टीत बुसान शहरात जाऊन ऑपरेशननं पापणीला घडी पाडून घेतात. परीक्षेनंतर आईबापांनी दिलेलं बक्षीसच ते. मीरान कालवं फोडायच्या शेडमध्ये काम करायची. तिनंही दोघींना विचारलं. राओन म्हणाली, “मला नको गं आई. सुई बघूनच मला चक्कर येते. आणि मला दिसतंय की नीट!”

दासोम म्हणाली, “मला करायचंय.”

ती सुजलेले डोळे घेऊन परत आली. राओननं तिला सूज उतरायला भोपळ्याचा रस पाजला, बर्फ लावला, रात्री उशी उंच करून दिली. वर चिडवायची, “ताई, बेडकासारखी दिसतेयस. जरा डराव डराव कर ना!” दासोमला हसताना टाके ओढायचे, तरी ती हसायची.

सूज उतरली आणि दासोम खरंच देखणी दिसायला लागली. खोटं कशाला बोलू? मान वर करून चालायला लागली. पण बाजारात एक वेगळाच खेळ सुरू झाला. मासेवाल्या बाया राओनची हनुवटी धरून वर करायच्या. “अगं बघ बघ, आधी दासोम अशी होती! केवढा फरक पडला गं बाई!” घरी दासोमचे डोळे बघायला पाहुणे आले, की राओनला हाक मारून शेजारी उभं करायचे.

राओन उभी राहायची. हसायचीसुद्धा.

पुढे दासोम बुसानला शिकली आणि तिथल्याच एका हॉटेलात स्वागतकक्षात लागली. राओन इथंच राहिली. बेटांवर जाणाऱ्या बोटींच्या तिकीटखिडकीवर तिला काम मिळालं. दासोमचे फोन आधी रोज यायचे, मग रविवारी, मग सणावारी. वाढदिवसाला मीरान आमच्या रिवाजाप्रमाणे समुद्री शेवाळाचं सूप करायची. पूर्वी दोघी एकाच मोठ्या वाडग्यात चमचे घालून भांडत खायच्या. आता राओन ते सूप अर्धं पिऊन वाडगा बाजूला सारायची. “आई, फार केलंस गं,” एवढंच म्हणायची.

पंचविशीत असताना एके दिवशी ती माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “मावशी, मी डॉक्टरकडे जाऊन आले. पापणीचं विचारायला.”

“तू? सुईला घाबरणारी?”

“डॉक्टरीणबाईंनी बारीक तार घेऊन पापणी वर ढकलली. घडी पडली की कशी दिसेन ते दाखवायला. आणि मावशी, आरशात ताई होती.” ती समोरच्या आरशात बघत म्हणाली, “इतक्या दिवसांनी दिसली.”

मी कंगवा खाली ठेवला. “डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?”

“त्यांनी विचारलं, तुम्हाला तुमच्या डोळ्यांत काय आवडत नाही? मला काही सांगताच येईना. मग मी ताईचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, घरी जा, नीट विचार करा. घाईचं काम नाही हे.”

मी किती मुलींचे चेहरे पाहिलेत. काहींना त्या घडीनं खरंच बळ दिलं. काही जणी एक घडी झाली, की नाकाच्या मागे लागल्या, मग हनुवटीच्या. मी कुणाला कर किंवा करू नको म्हणत नाही. राओनला एवढंच म्हटलं, “बाळ, ताईची आठवण येत असेल, तर बसनं जा. बुसान काय लांब आहे?”

“गेले होते,” ती म्हणाली. “तिच्या मैत्रिणी भेटल्या. ताई त्यांना म्हणाली, ही माझी बहीण. जुळी म्हणाली नाही.”

महिनाभरानं तिनं ऑपरेशन करून घेतलं. छान झालं. उगाच ओढलेलं नाही, कुठे व्रण नाही. मीरानला आनंदाचं भरतं आलं. तिनं दासोमला फोनवर काही सांगितलं नाही, म्हणाली, येऊ दे, बघून खूश होईल.

चुसोकच्या, सुगीच्या सणाला दासोम आली. आम्ही तिघी जमिनीवर बसून सोंगप्योनसाठी, म्हणजे सणाच्या सारण भरलेल्या गोळ्यांसाठी, तांदळाची उकड मळत होतो. ती दारात चपला काढता काढता थांबली. राओन उठली, पिठाचे हात तसेच पुढे करून उभी राहिली.

“ताई, बघ!”

दासोम बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “का केलंस गं?”

“पुन्हा सारख्या दिसू म्हणून.”

“अगं, मी वेगळी दिसावी म्हणून केलं होतं.” दासोमनं हातातली पिशवी खाली ठेवली. “मला कुणी तरी एकदा माझ्या नावानं हाक मारावी, एवढंच हवं होतं मला. तुझा राग नव्हता गं, कधीच नव्हता.”

कुणी भांडलं नाही. दासोम हात धुऊन आमच्यात येऊन बसली आणि गोळे वळायला लागली. राओनही बसली. संध्याकाळपर्यंत दोघींत सारण आणि मीठ यापलीकडे बोलणं झालं नाही. मीरान उगाच मोठमोठ्यानं शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी बस पकडायच्या आधी दासोम माझ्या दुकानात शिरली. खुर्चीत बसून म्हणाली, “मावशी, केस काप. राओन कधीच कापणार नाही असे काप.”

मी कानांच्या वर कापले. लांब काळे केस पायाशी पडले. तिनं आरशात पाहिलं, मान डोलावली आणि गेली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. दासोमनं लग्न केलं, तिला एक मुलगा आहे. सणाला येते, बहिणीसाठी चांगली क्रीम आणते. दोघी बोलतात, चांगलं बोलतात, पाहुण्यांशी बोलावं तसं. राओन अजून तिकीटखिडकीवर आहे. मीरान गेल्यापासून घरात एकटीच असते. बोटीला येणारे परके लोक म्हणतात, काय सुंदर डोळे आहेत तुमचे. ती धन्यवाद म्हणते आणि सुटे पैसे परत करते.

मी एकदा विचारलं, “पस्तावलीस का गं?”

“नाही मावशी. डोळे चांगलेच झालेत,” ती म्हणाली. “पण मला डोळे कुठे हवे होते?”

आता बंदरातल्या पोरी तिला विचारायला येतात, दुखतं का, करू का. ती कुणाला नाही म्हणत नाही. बर्फ किती वेळ लावायचा ते सांगते, घाईघाईनं पहिल्याच ठिकाणी करू नका म्हणते. मग विचारते, “सोबत कोण येणार आहे?” ती स्वतः एकटीच गेली होती आणि काळा चष्मा लावून एकटीच बसनं परतली होती, हे मला तेव्हा कळलं. एखाद्या पोरीला कुणी नसेल, तर ती रजा टाकते. गेल्या हिवाळ्यात जाळी विणणाऱ्याच्या मुलीबरोबर गेली. बाहेर बाकावर बसून राहिली, तिला धरून तिच्या घरी आणलं, दारापाशी सोडलं. मुलीची आई आत या म्हणाली, जेवून जा म्हणाली.

राओन म्हणाली, “नको, उशीर होतोय.”

घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं.