डायपरवरचं फूल

“सकाळी नऊला मी स्वतः पेनाने काढलेलं फूल आहे हे, मॅडम! संध्याकाळी सहालाही तेच?” पाळणाघराच्या दारात एक आई दहा महिन्यांच्या लेकीचा डायपर मशालीसारखा उंच धरून ओरडत होती.

डायपर असा टम्म फुगलेला की त्यात अख्ख्या तालुक्याचं पाणी मावलं असतं. वासाने भिंतीवरच्या रंगवलेल्या जिराफाने मान फिरवली. शपथ, मी पाहिलं. पाळणाघरवाल्या मॅडम मात्र शांतपणे दुपारचा मेसेज दाखवत होत्या : ‘बाळ मजेत. डायपर तीनदा बदलला.’

मला किळस डायपरची आली नाही. तान्ह्या पोरांचा तो जन्मसिद्ध हक्कच. किळस आली त्या ‘तीनदा’ची, आणि माझीही. माझं पोरगंही इथंच असतं, आणि ‘मजेत’ वाचून मी ऑफिसात रोज निवांत चहा ढोसतो. ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासाठी आईने साक्षीदार काढायचा, तोही पेनाने!

ती रिक्षात बसताना मी विचारलं, “मग उद्या काय करणार?”

“नऊला आणून सोडणार. साडेनऊची ड्यूटी आहे माझी.”