जानरावांचा होकार

आमच्या सेक्टर दोनमधल्या क्वार्टरांच्या ओळीत जानरावांएवढा हट्टी माणूस दुसरा सापडायचा नाही. स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतात. कुठल्याही बुवाचं नाव काढा, त्याची सालटी काढतील. "पुरावा दाखव, मंग मानतो," हे त्यांचं पालुपद.

त्यांचा एकुलता एक सुमेध फ्रान्समधल्या सेत नावाच्या बंदरात गाळ काढणाऱ्या जहाजावर कामाला होता. गाव मोठं गमतीचं. गल्ल्यांसारखे कालवे, आणि उन्हाळ्यात पांढरे कपडे घातलेले गडी होड्यांवर उभे राहून लांब भाल्यांनी एकमेकांना पाण्यात पाडतात. सुमेध व्हिडिओ पाठवायचा. "आपल्या तांदुला कालव्यात कोनी असं केलं तं पोलीस नेतीन," म्हणत जानराव पोट धरून हसायचे. पडलेल्याला काढायला लगेच दुसरी होडी येते, हे मात्र त्यांना फार आवडायचं.

एका वादळी हिवाळ्यात सुमेध जहाजावरून समुद्रात पडला. पुष्कळ शोधाशोध झाली, पण देह सापडला नाही.

जानरावांनी पुरावा मागितला. तो मिळेना, म्हणून फोटोला हार नाही की गेलेल्यासाठी करतात ते पुण्यानुमोदन नाही. सून मोनाली नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये शिकवायची आणि घरी सासऱ्याला जेवू घालायची. सुमेधबद्दल दोघं बोलत ते "आला की" असंच. आम्हा शेजाऱ्यांचं नाक तर दुसऱ्याच्या घरात आधी. म्हाताऱ्याच्या हट्टापायी पोरीची फरफट, असं ओळभर चालायचं, आणि सगळ्यांत मोठं तोंड माझं.

सेतच्या कोळ्यांची एक रीत आहे. दर उन्हाळ्यात त्यांच्या संताच्या सणाला होड्या समुद्रावर जातात आणि परत न आलेल्यांसाठी फुलांचा हार पाण्यात सोडतात. सुमेधचा सोबती पराग तिथंच राहिलेला. तो दरवर्षी फोन करून विचारायचा, "काका, सुमेधच्या नावाचा सोडू का?"

"नाई," म्हणून जानराव फोन ठेवून द्यायचे.

यंदा उतईहून मोनालीसाठी स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, स्वभावानं शांत. मोनालीनं मध्यस्थाला दारातूनच वाटेला लावलं. "बाबा वाट पाहून राहिले ना अजून," एवढंच म्हणाली. जानराव आत ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. "क्रेनवाल्यानं लोड हवेत लटकता ठेवून उतरू नये. खाली मानूस असते. माह्या हट्टाखाली पोरगी उभी हाय."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! "करा तिले मोकळी," मी म्हटलं.

परागचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सोड."

सणाच्या दिवशी त्यांनी काही न सांगता मोनालीला शेजारी बसवलं. मीही होतो. मोबाईलवर परागची होडी हलत होती. "सुमेध!" असं ओरडून त्यानं हार टाकला. फुलं लाटेवर डुलत मागे पडली. त्यांना काढायला कुठली होडी आली नाही.

मोनाली सासऱ्याकडे वळली. "बाबा, तुमी कावून हो म्हटलं?"

"तुह्यासाठी, बेटा. तू मोकळी व्हावी म्हनून."

"मले कुठं मोकळं व्हायचं होतं? सारे मेला म्हनत होते. तुमी एकटे नाई म्हनत होते. त्याच्यावरच तं जगून राहिली होती मी."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पराग अजून फोनवर होता. जानराव मोबाईलवर वाकले.

"पराग, तो हार वापस काढता येईन का रे?"