बावखलात पडलेली कळशी

माझ्या धाकट्या जावेला पोहता येत होतं. मला येत नव्हतं. आमचं बिनसलं ते एवढ्यावरून.

वसईजवळ आमची केळीची वाडी होती आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं तळं. धुणं तिथेच व्हायचं. लग्न होऊन आल्यापासून मी काठावरच्या दगडावर बसून पाण्याला भीत होते. पण वाडीतल्या एकाही बाईला पोहता येत नव्हतं, त्यामुळे ते खपून गेलं.

मग सत्तर सालानंतर कधीतरी धाकटी आली. तिचं माहेर खाडीकाठचं. एका सकाळी माझी माहेरची तांब्याची कळशी हातातून निसटली आणि बावखलात बुडाली. दीर गळ शोधायला धावला. हिनं काष्टा खोचला, उडी मारली आणि कळशी डोक्यावर धरून वर आली.

सासू म्हणाली, "हिला म्हनायचं बाई!"

इतकी वर्षं मी त्या घरात राबले, मला असं कोणी म्हटलं नव्हतं. कळशी बुडालेलीच बरी होती, असं मला वाटलं.

त्यानंतर दुपारी पुरुष जेवून आडवे झाले की शेजारच्या बायका तिच्याकडे पोहायला शिकायला येऊ लागल्या. घरात तोंड न उघडणाऱ्या बायका पाण्यात एकमेकींच्या अंगावर पाणी उडवायच्या, खिदळायच्या. मी दगडावर बसून धुतलेलीच चादर पुन्हा धुवायची.

"वहिनी, या ना पान्यात."

"मला कामं आहेत. तुझ्यासारखी मासळी नाही मी."

मासळी म्हटलेलं तिला आवडलं. ती हसली. त्याचाही मला राग आला.

मला पोहायचं होतं, पण तिच्याकडून शिकायचं नव्हतं. एका दुपारी ती बाजारात गेलेली बघून मी घड काढलेल्या केळीचा बुंधा पाण्यात लोटला, कारण तो तरंगतो हे मला माहीत होतं. त्यावर टांग टाकून बसले. बुंधा गर्रकन फिरला आणि मी खाली. नाकातोंडात पाणी गेलं. पायाखाली काही लागेना.

कोणीतरी अंबाडा धरून मला ओढलं. तीच होती. भाजीची पिशवी काठावर फेकलेली, भेंड्या चिखलात पसरलेल्या.

"वहिनी, केळीवर घोड्यावानी बसत्यात का? काखेत धरायची असते."

"मग आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

मी बुंधा काखेत धरला आणि तिनं सांगितलं तसे पाय मारले. कंबर हलकी झाली. दिवसभर ओणवं राहून दुखणारी पाठ पाण्यात दुखत नव्हती. पावसाळ्याच्या आत मी बुंध्याशिवाय पलीकडच्या काठाला जाऊ लागले. परतताना दगडावर बसलेल्या सासूकडे बघायचे. ती मान खाली घालून धुणं घासत असायची.

पुढे झालेल्या माझ्या मुलीला मात्र मी काकीच्या हाती लागू दिलं नाही. चालायला लागली तशी मीच पाण्यात नेली, मीच शिकवली. शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा तिनं सगळ्यांसमोर उंच काठावरून सूर मारला.

सासू म्हणाली, "अगदी काकीवर गेली!"

मी ओली होते, धाकटी काठावर कोरडी उभी होती. तरी शाबासकी घेतल्यासारखी तिनंच मान डोलावली.