वाकड्या खांद्याची डमी

बस डेपोत तिला सगळे घोषणाबाई म्हणत. दिवसभर काचेच्या केबिनमध्ये बसून ती कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायची. आवाज असा स्वच्छ, की झोपलेला माणूस दचकून न उठता हळूच जागा व्हावा. हजारो लोकांनी तो ऐकला होता, पण बाईला पाहिलेलं फारच थोड्यांनी. तिला ते बरंच वाटायचं. शाळेत असतानाच तिचा पाठीचा कणा एका बाजूला झुकला होता आणि डॉक्टरांनी पट्टा, व्यायाम, औषधं सगळं करून हात टेकले होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली, आणि कमरेची डावी बाजू थोडी बाहेर. दुखायचं नाही फारसं. फक्त अंगावर कुठलाच कपडा सरळ बसायचा नाही.

लग्नानंतर कपड्यांचा प्रश्न सुटला असं सासरच्यांनी जाहीर केलं, कारण नवऱ्याची थोरली बहीण शिवणकाम करायची. कोपऱ्यावर तिचं दुकान होतं आणि हातात खरोखर कसब होतं, तिचा शत्रूही ते नाकारणार नाही. पण जिभेला हाड नव्हतं. सगळ्या घराचे कपडे ताईंनीच शिवायचे, बाहेर टाकले तर ताईंचा अपमान, असा अलिखित कायदा होता. भावजयीच्या प्रत्येक कपड्यात ताई उजव्या खांद्याला जाडजूड गादी भरायच्या, म्हणजे वरून दोन्ही खांदे सारखे दिसावेत. उन्हाळ्यात त्या गादीखाली घामोळं यायचं. हात वर केला की गादी सरकून गळ्याशी यायची.

"ताई, गादी नको ना या वेळी," असं तिनं एकदा म्हणून पाहिलं होतं.

"नको कशी? लोकांपुढे जायचंय ना तुला? माझ्या दुकानाचं नाव लागतं त्या कपड्याला."

त्या वर्षी तिनं कोटासाठी जाड राखाडी कापड आणलं. केबिनमध्ये सकाळी हुडहुडी भरायची. ताईंनी कच्ची शिवण घालून तिला दुकानात बोलावलं. आरशापुढे ती उभी राहिली, अंगावर अर्धा कोट, सगळीकडे टाचण्या. बाकड्यावर तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांतल्या एकीनं सहज विचारलं, "ताई, तुम्ही यांचं माप नाही घेतलंत?"

ताई तोंडातल्या टाचण्या काढून हसल्या. "हिचं माप काय घ्यायचं? वाकड्या लाकडाला पट्टी लावून काय कळतं? अंदाजानंच शिवते मी."

बाकावर हशा पिकला. विचारणारी तेवढी हसली नाही, ती आपल्या पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

 घोषणाबाईनं पर्स उचलली, उरलेल्या कापडाची गुंडाळी काखेत मारली आणि टाचण्यांसकट तो अर्धा कोट अंगावर घालूनच दुकानाबाहेर पडली. मागून ताई ओरडत होत्या, "अगं, टाचण्या टोचतील!" टोचल्याच. घरापर्यंत टोचत राहिल्या.

नवरा फरशी बसवायचा. संध्याकाळी तो गुडघ्यांवरचं सिमेंट धूत असताना तिनं त्याला सांगितलं, "यापुढे माझे कपडे मी शिवणार."

"तुला येतं?"

"आईकडे शिकले होते. मशीन आहे."

"ताईला काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू काही. त्यांना दिसेलच."

शिवायला तिला येत होतं, पण स्वतःच्या पाठीवर स्वतः टाचण्या लावता येत नाहीत. अंगावर धरून बघायला दुसरं अंग हवं. म्हणून सुट्टीच्या दिवशी ती मशीनच्या बाजारात गेली. तिथल्या एका दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत डम्या ओळीनं उभ्या होत्या, सगळ्या बिनडोक्याच्या आणि सगळ्या एकजात सरळ. मालक म्हातारा होता आणि त्याला गिऱ्हाईक म्हणजे त्रास वाटायचा.

तिनं आधी ती चाव्या फिरवून लहानमोठी होणारी बघितली. चावी फिरवली की छातीपासून कमरेपर्यंत चार फटी पडायच्या.

"फटीवर टाचणी कुठे लावायची?" तिनं विचारलं.

"ते मला नका विचारू, बनवणाऱ्याला विचारा."

दुसरी कडक प्लास्टिकची होती, तिच्यात टाचणी रुतत नव्हती. तिसरी फोमची, वर कापड चढवलेली, खाली लोखंडी पाय. तिनं टेप काढून छाती मोजली, कंबर मोजली. तिच्याच मापाची होती.

"ही द्या."

"चुकताय," म्हातारा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "छाती बघून घेतात सगळे आणि मग रडत येतात. खांदे नि गळा बघा. आणि तुमच्यापेक्षा बारीक घ्या. वरून भरता येतं, आतून तासता येत नाही."

तिला राग आला, पण बोलणं खरं होतं. तिनं एकेका डमीच्या खांद्यावर आडवा हात ठेवून पाहिला, गळ्याभोवती टेप फिरवला, पाठीला पाठ लावून उंची पाहिली.

"बाई, नाचायला नेताय का तिला?" म्हातारा म्हणाला. "घ्यायची तर घ्या."

"तुम्ही पेपर वाचा," ती म्हणाली आणि आणखी दोन तपासल्या. शेवटी एक मिळाली, छातीत, कमरेत सगळीकडे बारीक आणि खांद्याचा उतार तिच्या उजव्या, पडलेल्या खांद्याइतका. म्हणजे उजवा होता तसा ठेवून डावा भरून वर आणता येणार होता.

बसमध्ये कंडक्टर तिच्या आवाजावरून तिला ओळखत होता. धडाकडे बघून म्हणाला, "बाई, हिला अर्धं तिकीट, बसली तर पूर्ण." सगळी बस हसली. त्या आठवड्यात ती फक्त तेवढीच एकदा हसली.

ताई दुसऱ्याच दिवशी हजर झाल्या. बातमी कोणी पोचवली ते विचारायची गरज नव्हती, नवरा मान खाली घालून बसला होता.

"बिनडोकीनं बिनडोकी आणली," ताई म्हणाल्या. "आता दोघी मिळून शिवा."

"ताई, चहा घेणार?"

"विष घेईन त्यापेक्षा." पण जाताना त्यांनी डमीच्या पोटात दोन बोटं रुतवून फोमचा घट्टपणा पाहिला. ते घोषणाबाईच्या नजरेतून सुटलं नाही.

डमी भरायची तर आधी अंगाबरोबरचं आवरण हवं होतं. न ताणणाऱ्या जाड सुती कापडाचं ते शिवायचं, अंगावर घालून चिमटे घेत घेत कातडीसारखं बसवायचं, मग डमीवर चढवायचं, आणि जिथे ढिलं पडेल तिथे कापूस भरायचा. पुढची बाजू तिची तिनं केली. पाठीसाठी नवऱ्याला बोलवावं लागलं.

"माझे हात सिमेंटचे आहेत," तो कुरकुरला.

"धुवून या."

त्यानं टाचण्या लावल्या, दोनदा तिला टोचलं, एकदा स्वतःला. मध्यरेषा कुठली ते त्याला कळेना, तेव्हा तो कामाच्या पिशवीतून ओळंबा घेऊन आला आणि तिच्या मानेच्या हाडावर दोरी धरली. लोलक खाली लोंबत स्थिर झाला. दोरी सरळ होती. कणा तिला सोडून लांब वळून गेला होता आणि खाली परत येऊन मिळाला होता.

"एवढा आहे?" तो म्हणाला.

"संसार केलात इतकी वर्षं. आज दिसला?"

तो दोरीच्या कडेनं खडूनं रेघ मारत खाली गेला, फरशीला मारतो तशी.

आवरण डमीवर चढवलं तेव्हा ते पाठीवर पिशवीसारखं लोंबलं. तिनं कापसाचे पातळ थर पसरले, एकावर एक, मधे जाड आणि कडेला विरळ होत जाणारे, कारण कड राहिली की वरून पायरी दिसते. डावा खांदा चढवला. डावी कंबर बाहेर आणली. पोटालाही थर घातला, तिथे खोटं बोलून कोणाला फायदा नव्हता. टेपनं मोजलं, स्वतःला मोजलं, परत काढून भरलं. शेवटी आवरण शिवून बंद केलं. तिचे टाके मोठे आणि जरा नागमोडी होते. समोर ती स्वतः उभी होती, डोकं आणि हात सोडून. तिला वाटलं होतं किळस येईल. पण असं काही झालं नाही. एवढंच वाटलं की हे इतकं काही भयंकर नाहीये.

पुढच्या सुट्टीला तिनं कोटाच्या कच्च्या शिवणी उसवल्या, तुकडे डमीवर धरून बेतले, कापले, जोडले. मग अंगात घातला. कोट अंगाशी भांडायला लागला. डाव्या खांद्यावर कापड आखडलं, उजवीकडे गळ्यापासून मुंढ्यापर्यंत पोकळ फुगा. ती आरशासमोर घामाघूम झाली. ताईंचा आवाज कानात वाजायला लागला, वाकडं लाकूड, वाकडं लाकूड. आपल्याला जमणारच नाही हे, असं वाटून तिनं कोट डमीवर फेकला. डमीवर तो झक्क बसला.

तेव्हा ती डमीजवळ गेली आणि कोट बाजूला करून आवरणाची खांद्यावरची शिवण बघितली. टाके बारीक होते, एकसारखे, मोत्यांच्या ओळीसारखे. इतकी देखणी शिवण तिच्या हातून जन्मात झाली नव्हती. तिनं ओळंबा आणून मानेवर धरला. दोरीच्या डाव्या-उजव्या बाजू अगदी सारख्या होत्या, वळण कुठेच नव्हतं.

"कोण आलं होतं?" तिनं विचारलं.

नवऱ्यानं आढेवेढे घेतले. "ताई आली होती. तू ड्युटीवर होतीस. म्हणाली जरा ठीक करते. मी चहा ठेवला."

"तुम्ही चहा ठेवलात."

"मला काय माहीत ती..."

"तुमच्यासमोर माझी पाठ उसवली आणि तुम्ही साखर किती विचारत होतात!"

ती तशीच चालत कोपऱ्यावर गेली. ताई दुकान बंद करत होत्या.

"माझा कापूस द्या."

"कसला कापूस? मी सरळ केली तुला. उपकार मान. भिंतीशी उभं केलंयस ते ध्यान, आल्यागेल्याला दिसतं. आमच्या घरात असलं..."

"असलं म्हणजे काय? मी?"

"मी इतकी वर्षं झाकत आले, ते कोणासाठी?"

"तुमच्या दुकानासाठी. माझ्यासाठी नाही. मला घामोळं यायचं."

"माझ्या कपड्यात दोष काढतेस?" ताईंचा आवाज चढला. "अख्ख्या गल्लीत विचार! भावजयीनं मशीन धरलं म्हटल्यावर लोक मला काय म्हणतील? ताईच्या हाताला काय झालं म्हणतील!"

"म्हणू देत. माझ्या वस्तूला परत हात लावलात तर तीच डमी तुमच्या दुकानासमोर आणून उभी करीन. गळ्यात पाटी लावून, ताईंची भावजय."

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. तिचा आवाज पोचणाराच होता, तो तिचा धंदाच होता. ताईंनी शटर खाली ओढलं. अर्ध्यावर थांबून त्यांनी आतून कापसाचा बोळा बाहेर भिरकावला आणि मग शटर पूर्ण आपटलं.

घरी आल्यावर तिनं ती मोत्यांची ओळ उसवली. नवरा ओळंबा हातात घेऊन येऊन उभा राहिला आणि त्यानं काही सांगायला तोंड उघडलं.

"बोलू नका," ती म्हणाली. "फक्त धरा."

कोटाचं नुकसान झालंच होतं. डावा खांदा आता अपुरा पडत होता आणि तसलं राखाडी कापड बाजारात उरलं नव्हतं. तिनं डाव्या खांद्याला काळ्या कापडाची पट्टी जोडली, उघड दिसेल अशी. गादी घातली नाही. दोन खांद्यांच्या शिवणी वेगवेगळ्या लांबीच्या निघाल्या, पण गळा मानेला धरून बसला आणि खालचा घेर चारही बाजूंनी जमिनीपासून सारखा आला.

डेपोत चौकशीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "बाई, तुमचा एक खांदा खाली आहे का हो?"

"आहे."

"आधी नव्हता."

"आधीही होता," ती म्हणाली आणि माईक सुरू केला.

ताईंशी बोलणं बंद झालं ते बंदच राहिलं. नवरा दोन्ही घरी जेवायचा आणि दोन्हीकडे शिव्या खायचा. गल्लीतल्या एकदोघींनी तिच्याकडे कपडे शिवायला आणले, तिनं परत पाठवले. तिला दुकान काढायचं नव्हतं, पण ताईंना ते कधी पटलं नाही.

हिवाळा संपत आला असताना एकदा दोघी भर रस्त्यात समोरासमोर आल्या. वाट अरुंद होती. ताईंनी तोंडाकडे बघितलंच नाही. नजर आधी त्या काळ्या पट्टीवर गेली, मग गळ्यावर, मग सरळ खाली घेरावर, आणि तिथे बराच वेळ राहिली. एक भुवई हलली. मग त्या पुढे निघून गेल्या आणि पाठमोऱ्याच खेकसल्या, "मागे दोरा लोंबतोय."

"लोंबू दे," घोषणाबाई म्हणाली.

घरी येऊन तिनं कोट काढून पाहिला. खरंच लोंबत होता.