साडूंचे नवे शर्ट

पेणपासून रोह्यापर्यंत आमच्या साडूंना ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि त्यांच्याशी कधी एक शब्दही न बोललेल्यांचाच त्यात भरणा जास्त. सकाळी पेणच्या स्टँडवर रोह्याच्या गाडीसाठी गर्दी जमते, तिच्यात मोरपंखी, राणी किंवा हळदीसारखा पिवळाधमक शर्ट दिसला की ते आमचे साडू. एक कंडक्टर त्यांना म्हणालाच होता, "तुम्ही चढलात का नाय ते वळून बघावं लागत नाय, सायेब."

याचं मूळ पेणजवळच्या जोहे गावात आहे. साडूंच्या वडिलांचा तिथे गणपतीचा कारखाना होता आणि साडूंचं सगळं लहानपण रंगाच्या वाट्यांमध्ये गेलं. पुढे शिकून ते रोह्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरला लागले, वीसेक वर्षांत स्टोअरचे मुख्य झाले, पण रंगाची नजर कारखान्यातलीच राहिली. त्यांच्या मते रंग चारच: पीतांबराचा, शेल्याचा, मुकुटाचा आणि उंदराचा. त्यातला शेवटचा माणसाने घालू नये. माझ्या मुलीच्या लग्नात ते असा काही शेंदरी शर्ट घालून आले की फोटोग्राफर म्हणाला, "काका, जरा कडेला व्हा, नवरीची साडी फिकी पडतेय." साडूंनी हे कौतुक समजून पुढे वर्षभर ज्याला त्याला सांगितलं.

पन्नाशी उलटेपर्यंत हे सुखाने चाललं. मग कंपनीत नवे साहेब आले. परदेशातली काही मंडळी कंपनी पाहायला येणार होती. साहेबांनी साडूंना बोलावून सांगितलं, की कपडे ऑफिसला शोभतील असे करा, नाहीतर त्या दिवशी मागे गोडाऊनमध्ये बसा, स्टोअर दुसरं कोणी दाखवेल. त्या संध्याकाळी साडू आमच्याकडे आले. बायकोने जिताड्याचं कालवण वाढलं. एरवी ताटात काटासुद्धा न ठेवणारा हा माणूस नुसता भात चिवडत बसला. "भाऊ," ते मला म्हणाले, "एकेक रॅक मी लावलाय त्या स्टोअरचा. आणि दाखवणार दुसरा? मी काय दडवून ठेवायची वस्तू हाय?" त्यांच्या शर्टांची थट्टा करण्यात माझी निम्मी हयात गेली, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

रविवारी साडू, माझी मेहुणी आणि मी असे तिघे पेणच्या बाजारात तयार कपड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने करड्या शर्टांची चवड पुढे ठेवली. साडूंनी वरचा शर्ट दोन बोटांनी उचलला. "हा उंदराचा. मला पाटावर बसायचंय, खाली लाडू धरून नाय." मग पांढरा घालून आरशासमोर उभे राहिले. बराच वेळ स्वतःकडे पाहून म्हणाले, "रंगवायचा ऱ्हायलेला गणपती दिसतोय मी." पँटींची तर वेगळीच कथा. हल्लीच्या पँटी खाली निमुळत्या, आणि साडूंचं पोट मात्र घराण्याच्या धंद्याला साजेसं. "वर गणपती आणि खाली बगळा, असं कुठल्या कारखान्यात चालतं?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. शेवटी मेहुणी वैतागली. "अवो, तुम्हाला पुढं उभं ऱ्हायचंय ना? मग घ्या की गप." साडूंनी पाकीट काढलं. तीन करडे शर्ट आणि दोन काळ्या पँटी बांधून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "कॉलरला आतून तरी पिवळी पट्टी लावून मिळंल का?" मिळाली नाही.

पाहुणे आले, स्टोअर साडूंनीच दाखवलं. संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जमलो असताना मेहुणीच्या मोबाइलवर कंपनीतला फोटो आला. दोन रांगांत माणसं, सगळ्यांचे शर्ट करडे, सगळ्यांच्या पँटी काळ्या. मेहुणीने फोटो बोटांनी मोठा केला, इकडेतिकडे सरकवला आणि म्हणाली, "यातले हे कुठले?" मी चष्मा लावून पाहिलं, मलाही सापडेनात. अखेर साडूंनीच बोट ठेवलं. "हा काय, मधोमध. पुढच्या रांगेत." आवाजात अभिमान होता. "व्हय हो, तुम्हीच की," मेहुणी म्हणाली, आणि तरी फोटोकडे पाहतच राहिली.

आता रोजच करडा शर्ट असतो. जुने शर्ट घड्या घालून कपाटात गेले आहेत. साडूंची तक्रार काही नाही. पुढं उभं ऱ्हायचं तर एवढं करावं लागतं, असं ते म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण सकाळी फिरताना मी स्टँडवर डोकावतो तेव्हा माझे डोळे अजून पिवळाच शोधत असतात. तो दिसत नाही, साडू गेले वाटतं म्हणून मी वळतो, आणि मागून हाक येते, "भाऊ, हितंच हाय की मी." मग ते इस्त्री सांभाळत गाडीत चढतात. गाडी हलते. कुठल्या खिडकीत ते बसलेत, ते मला खालून कळत नाही, म्हणून मी सगळ्या गाडीला हात करतो.