आबांची केबिन आणि छताचा घाम

आबा घरात बोलत नाहीत. माझे वडील तीस वर्षं कराड ते मद्रास ट्रक चालवत होते. चेन्नईला ते अजून मद्रासच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून ते इथे चेन्नईतच, शोळिंगनल्लूरला माझ्या फ्लॅटमध्ये राहतात. जेवलात का? हूं. बरं वाटतंय का? हूं. एका हूंवर माणसानं दिवस काढायचे तरी किती!

पण ट्रकात ते बोलायचे. मी सातवीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी मला एकदाच बरोबर नेलं होतं. इंजिन केबिनच्या आतच, आमच्या दोघांच्या मधोमध, वर पत्र्याचं झाकण. त्या झाकणापलीकडे आबा सगळी वाट बोलत होते. समोर रस्त्याकडे बघत, मधेच हसत. एकदा तर त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले. इंजिनाच्या धडधडीत मला एक अक्षर ऐकू आलं नाही. ‘काय म्हणालात?’ असं ओरडून विचारायची हिंमत नव्हती. घरी आल्यावर ते पुन्हा हूंवर आले. पुढे कधीतरी आईला विचारलं, तर म्हणाली, “धूळ गेली असंल डोळ्यात.”

धूळ नव्हती. तेवढं मला तेव्हाही कळत होतं.

आता त्यांचा डावा कान, म्हणजे इंजिनाकडचा, पार गेलाय. उजवाही फार काळ साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणून मला घाई झाली. त्यांनी काय सांगितलं होतं ते मला ऐकायचं होतं, आणि मी विचारलेलं त्यांना कळतंय तोवर.

ट्रक सिरुसेरीच्या पुढे एका गॅरेजच्या आवारात उभा आहे. रस्त्यावर यायचं त्याचं वय सरलं, पण भंगारात द्यायचं नाव काढलं की आबा ताटावरून उठतात. दर रविवारी सकाळी मी त्यांना तिथे नेते, ते इंजिन सुरू करतात आणि तासभर आत बसतात. इंजिन बंद ठेवून बोलू म्हटलं, तर लगेच खाली उतरतात. “बंद गाडीत बसून काय करायचं?” मग ठरवलं, इंजिन चालू राहू दे, आपण आवाजाचा बंदोबस्त करू. काचा बंद हव्यात, म्हणजे इथल्या उकाड्यात एसी हवा. गॅरेजच्या मेस्त्रींनी एक छोटा एसी बसवून दिला. बाकीचं मी करणार होते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या बाईला एवढं जमू नये?

व्हिडिओ पाहिले, ते सगळे बर्फाच्या मुलुखातले. पत्र्याला जाड कापडाचे थर द्या, आतल्या बाजूनं प्लास्टिक लावा, म्हणजे श्वासातली वाफ पत्र्यापर्यंत पोचत नाही. जाड कापडाचे थर म्हटल्यावर मला एकच गोष्ट आठवली. आईनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या चार गोधड्या माझ्याकडे ट्रंकेत होत्या. चेन्नईत गोधडी पांघरायचा प्रसंग येत नाही. मला वाटलं, आबांच्या डोक्यावर आईची गोधडी, याहून चांगलं काय? त्यांना न सांगता मी त्या छतात आणि पाठीमागच्या पत्र्याला ठोकल्या, त्यावर प्लास्टिक ताणलं, वर पातळ प्लायवूड. दारांच्या तळाशी भोकं होती, त्यातून आवाज येईल म्हणून तीही बुजवली. मी स्वतःवर फारच खूश होते.

आवाज खरंच निम्म्यावर आला. पहिला रविवार आबा नुसते इकडेतिकडे बघत राहिले. दुसऱ्या रविवारी म्हणाले, “बरी केलीस की.” आठवडाभर मी त्या तीन शब्दांवर तरंगत होते.

पाचव्या रविवारी त्यांच्या टकलावर थेंब पडला. मग माझ्या मांडीवर. मेस्त्रींनी दाराच्या तळाशी कान लावून दार हलवलं, तर आत डबडब. “तण्णी, मा, तण्णी!” पाणी म्हणजे तण्णी, एवढं तमिळ मलाही येतं. वर बघितलं, तर प्लायवूड फुगलेला.

“पाऊस कुठं पडलाय?” मी म्हटलं.

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी सातवीत परत गेले. “गार पाण्याचा तांब्या घाम कुठनं सोडतो? आतनं का भायेरनं?”

बाहेरून. व्हिडिओतल्या मुलुखात थंडी बाहेर असते, इथे मी ती आत कोंडली होती. समुद्रावरची दमट हवा पत्र्याच्या सांध्यांतून शिरत होती, एसीनं गार झालेल्या माझ्या प्लास्टिकच्या पाठीवर तिचं पाणी होत होतं, आणि गोधड्या ते पीत होत्या. दारात उतरलेल्या पाण्याची वाट मीच बंद केली होती.

प्लायवूड काढला आणि गोधड्या बाहेर आल्या. काळ्या बुरशीचे ठिपके आणि कुबट वास. ट्रंकेतून काढताना त्यांना आईच्या केसांचा, तिच्या तेलाचा वास होता. तो गेला. मी तिथेच, ग्रीसच्या डबड्यांमध्ये, मोठ्यानं रडले. आबा ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. एकेक गोधडी त्यांनी पिळली, आवाराच्या कुंपणावर पसरली आणि हिरव्या काठाचं टोक नीट सरळ करून ठेवलं.

मग मेस्त्रींनी रीतसर काम केलं. गंज घासून लाल प्रायमर मारला. पत्र्याची थरथर मारायला डांबरासारखी जड, चिकट शीट लावली. त्यावर काळा रबर, ज्याच्यात पाणी मुरत नाही तो, पत्र्याला घट्ट चिकटवून, मध्ये बोटभरही पोकळी न ठेवता. सांध्यांवर चंदेरी पट्टी. दारांची भोकं मोकळी. तो रबर आमच्या ऑफिसच्या छतात एसीच्या डक्टना गुंडाळलेला असतो. आठ वर्षं मी त्याच्याखाली बसतेय, मान वर केली नाही.

महिनाभर छत कोरडं ठणठणीत राहिलं. मग एका रविवारी मी स्टिअरिंगपाशी बसले आणि त्यांना डावीकडे बसवलं, म्हणजे त्यांचा चांगला कान माझ्याकडे येईल. काचा बंद, एसी चालू, इंजिन खालच्या मजल्यावरच्या गिरणीइतकं लांब. इतकी वर्षं हवी होती ती शांतता मला मिळाली होती.

“आबा, मी लहानपणी तुमच्याबरोबर आले होते तेव्हा तुम्ही वाटभर काय सांगत होता?”

ते समोर कुंपणाकडे बघत हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

“आता परत कशाला इचारतीस? सगळं सांगितलं की तवा. जल्मात कुणाला बोललो न्हवतो, तुझ्या आईला बी न्हाई. एवढीशी पोर, पर कशी मान हलवत ऐकत हुतीस. लई हलकं झालं बग त्या दिशी. म्हटलं, चला, एकीला तरी ठावं हाय.”

रस्त्याला खड्डे होते, आबा. झाकणाला धरून बसले होते मी, म्हणून मान हलत होती.

हे मी बोलले नाही.

“ध्यानात हाय न्हवं?” त्यांनी कान माझ्याकडे करून विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “सगळं.”